डाव्या कोपऱ्यातला भाना

भाना, तुझ्या कोपऱ्यात आम्ही कुणालाच उभं केलं नाही, तिथेच आमचं चुकलं.

तू गेल्यावर पहिल्यांदा सरावाला जमलो, तो दिवस सांगतो. कारखान्याच्या मागच्या मैदानावर तात्यांनी रेषा आखून ठेवल्या होत्या. फक्की संपली म्हणून शेवटची रेष त्यांनी बॉयलरच्या राखेनं ओढली होती. सगळे उगाच मनगटं फिरवत, पायानं माती उकरत उभे. शेवटी कप्तान म्हणून मीच म्हणालो, "चला, साखळी धरा." सहा जणांनी हात धरले. टोकाला मी, आणि माझ्या डावीकडे कुणी नाही. राखीव गडी दोन होते, पण एकही पुढं झाला नाही. शिवा म्हणाला, "भानादाची जागा ह्या सामन्यापुरती मोकळी ठिवू. तेवढा मान पायजे त्यांला." सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली.

फक्त तात्यांना ते पटलं नाही. आयुष्यभर मैदान झाडणारा आणि आपल्याला शिव्या घालून घडवणारा हा माणूस, त्या दिवशी मात्र हळू आवाजात बोलला. "कोपरा मोकळा ठिवू नगा रं. कुनालाबी हुबं करा, पर मोकळा नगं." आम्हाला वाटलं, म्हातारा खेळाचं बोलतोय. डावी बाजू उघडी पडेल म्हणतोय.

मग साखळी सोडून शिवा सरावापुरता समोरून चढाईला आला. सवयीनं माझा डावा हात बाजूला पसरलेला, पंजा उघडा. तुला आपली खूण आठवते ना? करंगळी एकदा दाबली की येऊ दे, दोनदा दाबली की धर. आठ-नऊ वर्षं आपण तोंडानं एक शब्द न बोलता त्यावर खेळलो. शिवा मध्यावर वळला आणि माझी करंगळी दोनदा दाबली गेली. मी विचार केला नाही. झेप घेतली आणि शिवाचा घोटा धरला. अशी चोख पकड मी उभ्या हंगामात केली नव्हती. शिवा मातीत पडल्या पडल्या म्हणाला, "नामदा, मी पाय टाकायच्या आदीच तू सुटलास. कसं कळलं रं?" मी चड्डीला हात पुसायला गेलो. उजवा पंजा कोरडा होता आणि डावा घामानं ओला. उन्हाळा होता, तर दोन्ही ओले हवे होते.

मी कुणाला सांगितलं नाही. तूही सांगितलं नसतंस.

भाना, तुझ्याबद्दल चार बरे शब्द लिहून दे, असं कारखान्याच्या कचेरीतून मला सांगितलंय. शोकसभेत वाचायचेत म्हणे. त्यात जन्मगाव, शिक्षण, मिळालेल्या ढाली असं लिहायचं असतं. ते लिहायला कारकून आहेत. मी आपला तुझ्याशीच बोलतो, कारण तू पूर्ण गेला आहेस याची मला अजून खात्री नाही.

तू आलास तेव्हा मी मिलहाऊसमध्ये, ऊस गाळतात तिथे, फिटर होतो आणि संघात जुना झालो होतो. सोनईच्या यात्रेत तुझा हुतुतू पाहून आपल्या लेबर ऑफिसरनं तुला उचलला आणि वॉचमन म्हणून हजेरीपटावर घातला. वॉचमन! गेटवर स्टूल टाकून तू बसायचास आणि दुपारी साखरेची पोती नेणारा ट्रक तुझ्या अंगावरून गेला असता तरी तुला कळलं नसतं. सकाळ-संध्याकाळ मैदान, मधे झोप. बाकीचे कामगार चिडायचे. "ह्ये जावई बरं हायेत कारखान्याचं," असं म्हणायचे. मग पहिल्या मोठ्या स्पर्धेत तू एका चढाईत चौघांना लोळवून मध्यरेषेवर पालथा पडलास आणि तेच कामगार तुला खांद्यावर घेऊन नाचले. तुझा दम हे त्या काळी आपल्या भागातलं एक नवल होतं. लोक म्हणायचे, भानाचा 'कबड्डी कबड्डी' सुरू झाला की बिडी शिलगावावी आणि निम्मी ओढून बघावं, अजून चालूच असतो.

आणि मग ती चढाई. आपल्या अंगणात नव्हे, श्रीरामपूरच्या मैदानावर. तू चढाईचा राजा, पण बचावात माझ्याच डावीकडे उभा. सामना बरोबरीत, शेवटची चढाई त्यांची. त्यांचा गडी आत आला, तुझ्याकडे झुकला आणि परत पळाला. पंचांना नीट दिसलं नाही. त्या काळी शेजारच्या गड्याला विचारायची रीत होती, आणि माझं नाव खरं बोलणारा म्हणून झालेलं. पंचांनी विचारलं, "नामदेव, लागला का?" मी म्हणालो, "लागला." आपण हरलो. त्या दिवशी मुंबईच्या एका कंपनीचा माणूस तुला बघायला आला होता, तो न बोलता निघून गेला. तुझं मुंबईला जाणं एक वर्ष लांबलं.

तू माझ्याशी अख्खा हंगाम बोलला नाहीस. साखळीत हात धरायचास, करंगळी दाबायचास, पण बोलायचा नाहीस. बोलायला लागलास तोही भांडायलाच. माझ्या लग्नात, भर पंगतीत, कोपर वर करून विचारलंस, "दाव. हितं लागला म्हनतूस ना? कुठं ते दाव." सलूनमध्ये अर्धी दाढी झालेली असताना, "वारा लागला आसंल नाम्या, हात न्हाई." माझ्या आईच्या मातीला आलास, मला मिठी मारून रडलास, आणि घरी जाताना सायकलवर टांग मारता मारता म्हणालास, "पर त्यो लागला नव्हता हां." मी त्या दिवशीसुद्धा हसलो होतो.

लागला होता, भाना. कोपराच्या आतल्या बाजूला, दोन बोटं. मी पाहिलं होतं आणि आजही तेच सांगेन. तू चिडलास तर चिड.

मुंबईची दोन वर्षं तू कधी नीट सांगितली नाहीस. तिथे अंडी, दूध, मालीशवाला, मोठ्या मैदानावर विजेच्या दिव्यांखाली सामने, वर्तमानपत्रात फोटो. त्यातला एक फोटो वहिनींनी अजून चुलीवरच्या फळीला चिकटवून ठेवला आहे, धुरानं तुझं तोंड काळं झालंय. मग गुडघा गेला. कंपनीनं तुला पार्सल खात्यात बसवलं. चार महिने पुड्यांवर सुतळ्या बांधल्यास आणि एक दिवस कुणाला न सांगता नगरला उतरलास. मी विचारलं तर म्हणालास, "तिथली माती लई मऊ हाय. पाय रुतत्यात." तेवढंच. पुढे कधीतरी वहिनींकडून कळलं, की पार्सल खात्यात दुपारच्या सुट्टीत तू एकटाच गोदामात जाऊन, दार लावून, दम घेऊन बघायचास. अजून तेवढाच आहे का ते.

चढाईवाला लंगडा झाला की त्याला कोपऱ्यात उभं करतात. तू गुडघ्याला धोतराचं पांढरं फडकं आवळून पुन्हा माझ्या डावीकडे येऊन उभा राहिलास आणि जिल्ह्यातला सगळ्यात वाईट कोपरा झालास. म्हणजे दुसऱ्यांसाठी वाईट. तुझ्या त्या पाच वर्षांना मी तुझ्या चढाईच्या वर्षांहून मोठं मानतो. हे मी तुला तोंडावर कधी म्हणालो नाही, कारण तू लगेच म्हणाला असतास, "मंग त्या दिवशी पंचाला 'न्हाई लागला' का न्हाई म्हनलास?"

आता विहिरीचं बोलू. मला बोलायचं नाही, पण बोललंच पाहिजे.

दुष्काळाचं हे दुसरं वर्ष. तुझ्या वस्तीवरून दिसते त्या शेजाऱ्याच्या विहिरीचं काम चाललं होतं. पाणी लागेना म्हणून आणखी खोल खणत होते. सुरुंग उडवला, आणि त्याचा धूर नीट निघण्याआधीच एक मजूर खाली उतरला. तळाशी जाऊन आडवा पडला. वरचे सगळे ओरडत होते, उतरायला कुणी धजत नव्हतं. तू सायकलवरून कारखान्यात कामाला निघाला होतास. मी तिथे नव्हतो, मी मिलहाऊसमध्ये होतो, पण मला चौघांनी सांगितलं आणि चौघांनी अगदी सारखंच सांगितलं.

तू सायकल बाभळीला टेकवलीस. डोक्याचा रुमाल काढून ठेवलास. म्हणालास, "मी दम धरून जातू. आवाज येतुया तवर घाबरू नगा." आणि 'कबड्डी कबड्डी' म्हणत दोर धरून उतरलास. श्वास आत घ्यायचा नाही, ही एकच गोष्ट तुला त्या धुरात करायची होती, आणि ती तुझ्याइतकी अख्ख्या महाराष्ट्रात कुणाला येत नव्हती. तुझ्यासारखाच माणूस असा विचार करू शकतो. दुसऱ्या कुणाच्या डोक्यातही हे आलं नसतं, आणि तुझ्याही आलं नसतं तर तू आज जिवंत असतास. तळातून तुझा आवाज येत राहिला. तू त्या मजुराच्या बगलेखालून दोर बांधलास, दोन हिसके दिलेस. त्यांनी त्याला ओढून वर काढला. तो वाचला. त्याला काहीच आठवत नाही, कानाशी कुणीतरी कबड्डी म्हणत होतं एवढंच. दोर सोडवून पुन्हा खाली टाकेपर्यंत तुझा आवाज चालू होता. मग नव्हता.

मला तुझा अभिमान वाटतो आणि तुझ्या कानाखाली द्यावीशीही वाटते. दोन्ही एकदम.

त्याच सुरुंगानं खडक फुटला होता. तुझी माती झाल्यावर तिसऱ्या दिवशी त्या विहिरीला पाणी लागलं. आसपासच्या सगळ्या विहिरी कोरड्या, आणि ही एकच भरत चाललेली. आता साऱ्या वस्त्या तिथून पाणी नेतात. बाया जातात, घागरी भरतात आणि येतात. तिथे कुणी एक शब्द बोलत नाही. एरवी पाणवठ्यावर केवढा कालवा असतो, तुला माहीतच आहे.

दहावा-तेरावा झाल्यावर मी वहिनींना भेटायला वस्तीवर गेलो. सुमनवहिनी ओट्यावर बसल्या होत्या. त्यांचा भाऊ सोबतीला येऊन राहिला होता. त्यानं मला बाजूला घेतलं. म्हणाला, "दाजींच्या मागं अक्काचं काय खरं न्हाई बघा. रोज दिस कलला की हिरीवर जाती. घागर न नेता. कठड्याला धरून खाली वाकती. काल मी हात धरून वढून आनली. पाय आत हुता तिचा." तो काही घाबरट माणूस नाही.

मी वहिनींसमोर जाऊन बसलो. त्यांनी मला पाणी दिलं. त्याच विहिरीचं असणार. मी प्यायलो. मग त्या म्हणाल्या, "भावजी, त्यांचा दम सुटला न्हाई अजून."

मी भांडं ओट्यावर ठेवलं.

"दिस बुडताना येतुया आवाज. बारीक, पर त्यांचाच. मला कळत न्हाई व्हय? लगीन झाल्यापून ऐकतिया. एका दमात चालू हाय, थांबतच न्हाई. त्यांला परत यायची रेघ घावंना झालिया, भावजी. मी जवळ जाऊन हाक मारली तर घावंल त्यांला."

"वहिनी, तुम्ही विहिरीजवळ जाऊ नका."

"मंग तुमी सांगा त्यांला. खेळ संपला म्हनावं. तुमचं ऐकत्यात ते."

भाना, तू माझं कधी काय ऐकलं आहेस? पण ती बाई माझ्याकडे अशी बघत होती की मला नाही म्हणवलं नाही. मी म्हणालो, सामन्यात सांगतो. तिच्या भावाला बजावलं की सामना होईपर्यंत तिला एकटं सोडू नको. सायकलवर बसलो आणि विहिरीपाशी थांबलो. सूर्य मावळतीला होता. मी कान देऊन उभा राहिलो. खाली पाणी काळं होतं आणि अगदी शांत होतं. मला काहीही ऐकू आलं नाही. मला वाटलं, बिचारीचं दुःख आहे. आणि लगेच माझी डावी करंगळी मला जाणवली, आणि मी स्वतःलाच म्हटलं, नाम्या, तू कोण मोठा शहाणा लागून गेलास.

सामन्याच्या आदल्या दिवशी तात्यांनी मला डाव्या कोपऱ्यात नेलं. वाकून माती दाखवली. "बाकीचं मैदान भुसभुशीत हाय का न्हाई? आन हितं बग. कुनी हुबं ऱ्हात न्हाई आन माती दाबलेली. मी रोज उकरतो." मी बोट लावून पाहिलं. टणक होती. एका पायाचा भार जास्त, एकाचा कमी. तात्या म्हणाले, "मी म्हनलं हुतं तुमाला." त्यांनी राग नाही केला. त्यांनी टोपी काढून कपाळ पुसलं आणि फडा घेऊन दुसरीकडे झाडायला गेले.

सामना नगरला होता. समोर नागापूरच्या एका नव्या वर्कशॉपचा संघ. सगळी तरणी पोरं, लेथवर काम करणारी, बाहेरच्या जिल्ह्यांतून आलेली. तुला त्यांनी कधी पाहिलेलं नव्हतं. पंच गोरे सर. जुने, कडक, शिट्टी तोंडात धरूनच जन्मलेले. मी त्यांना आधी जाऊन सांगितलं की आम्ही सहाच उतरतोय. ते म्हणाले, "नियमात बसतं. पण का?" मी कारण सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि चष्मा पुसत राहिले.

वारा पडलेला होता. धूळ उडाली की ती तशीच तरंगत राहायची, खाली बसायची नाही. पहिल्या डावात मी पाच पकडी केल्या, त्यातल्या चार तुझ्या. मला माहीत आहे. प्रेक्षक माझ्या नावानं ओरडत होते आणि मला लाज वाटत होती. शिवा, बाकीचे सगळे, कुणीही डावीकडे बघत नव्हतं. पण झटापटीतही त्या जागेत कुणी पाय टाकला नाही. जागा सोडून पळायचे.

दुसऱ्या डावात त्यांचा एक मिशाळ गडी आत आला. चपळ होता. उजवीकडे हूल दिली, मग एकदम डाव्या कोपऱ्याकडे झेपावला, हात लांबवला आणि मागं उडी मारून मध्यरेषेपलीकडे गेला. जाऊन हात वर केला. एक गुण मागत होता.

गोरे सरांनी विचारलं, "कुणाला लागला?"

"डाव्या कोपऱ्याला."

"तिथं कोण आहे?"

तो वळला. बोट दाखवायला उचललेला हात तसाच राहिला. म्हणाला, "आत्ता होता. गुडघ्याला पांढरं फडकं बांधलेला. कोपराला लागला माझा हात. सर, शप्पथ." त्याचा आवाज फाटला. मैदानाभोवतीची माणसं हसली, पुढच्या रांगेतली. मागच्या रांगेत आपल्या कारखान्याची माणसं होती, ती हसली नाहीत.

गोरे सर माझ्याकडे बघत राहिले. त्यांना गुण नाकारायचाच होता. सहाच गडी आत, सहाही जागेवर. मी नुसता गप्प बसलो असतो तरी चाललं असतं. माझा डावा हात पसरलेला होता आणि त्याच्यात तुझा होता, भाना. आता लपवून काय करू? तो घट्ट झाला. करंगळी नव्हे, अख्खा पंजा. तू मला सांगत होतास, नाही म्हण. एकदा तरी माझ्या बाजूनं बोल. मला वहिनींचा कठड्याआत गेलेला पाय दिसत होता. आणि तुला सांगतो, मला तू जायला नको होतास. तो हात धरून मी म्हातारा होईपर्यंत खेळलो असतो.

मी म्हणालो, "लागला सर. गुण द्या. गडी बाद."

पहिल्या रांगेतलं हसणं थांबलं. गोरे सरांनी काही न विचारता गुण दिला. आपण बाद गड्याला दाखवतो तसा मी डावीकडे वळून, हात लांब करून बाहेरचा बाक दाखवला. बाद झालेल्या गड्याला आपण पूर्वी 'मेला' म्हणायचो, तो शब्द कुणाच्याही तोंडातून आला नाही. माझा पंजा रिकामा झाला. गार पडला. बाहेर बाकावर आपले राखीव दोघे एका टोकाला सरकून बसले, न सांगता.

खेळ चालू राहिला. दोन-तीन चढायांनंतर शिवानं त्यांचा एक गडी मारला. गोरे सरांनी शिट्टी फुंकली आणि आयुष्यभराच्या सवयीनं म्हणाले, "कारखाना, एक गडी आत."

समोरचा एक बाद झाला की आपला एक बाद झालेला परत आत येतो, हे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. आमचे सहाही आत होते. बाद झालेला एकच होता. सगळे बाकाकडे बघायला लागले. सरही. मला ठाऊक आहे, तू कधी शिट्टीची वाट बघायचा नाहीस, तू अर्धा उठून, रेषेला अंगठा लावून तयारच असायचास.

"नको," मी म्हणालो.

"नियमानं येतो तो गडी, नामदेव," सर म्हणाले. चेष्टेनं नाही. अगदी हळू.

"मला नियम माहीत आहे, सर. तो नको. त्याला बसू द्या आता."

शिवा तोंड फिरवून रडायला लागला. बाकीच्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. सामना आम्ही जिंकलो की हरलो ते मी तुला सांगणार नाही, तू उगाच भांडत बसशील. तेवढं खरं, की त्यानंतर माझ्याकडून एकही पकड झाली नाही.

दुसऱ्या दिवशी कामावरून तसाच वस्तीवर गेलो. वहिनी ओट्यावर होत्या, भाऊ त्यांच्या शेजारी. सूर्य खाली जात होता. मी त्यांना सांगितलं, "वहिनी, मी त्याला बाहेर काढला. सगळ्यांसमोर. आता तो मैदानात नाही."

"भांडले का ते?"

"फार."

त्या थोडं हसल्या. सुतकी चेहरा होता तो, पण हसल्या. मग आम्ही तिघेही विहिरीच्या दिशेला तोंड करून बसून राहिलो. सावल्या लांब झाल्या, मग गेल्या. वहिनी कान देऊन ऐकत होत्या, पदराचं टोक मुठीत आवळून. बराच वेळ गेला. त्यांची मूठ सैल झाली.

"आज न्हाई येत," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. खात्री करून घ्यायची होती त्यांना. "भावजी, तुमाला काय ऐकू येतंय का?"

सगळं गाव म्हणतं, नामदेव खोटं बोलत नाही. पंचांनी विचारलं तरी नाही, मित्राचं वर्ष गेलं तरी नाही. तुझ्याएवढं हे कुणाला ठाऊक आहे?

भाना, तू विहिरीत नव्हतास. तू माझ्या डाव्या कानाशी होतास. बारीक, स्वच्छ, एका दमात, मधे कुठंही न तुटता. तो आवाज ओळखायला मी चुकणार नाही.

"न्हाई वहिनी," मी म्हणालो. "कायबी न्हाई."

त्यांनी सुस्कारा सोडला. उठल्या, भावाला म्हणाल्या, चहा टाकते, भावजी लांबनं आल्यात. आत जाऊन त्यांनी चूल पेटवली. मी ओट्यावर बसून राहिलो आणि तू म्हणत राहिलास.